पडलेल्यांची बॅच

म्हातारी माणसं एका जागी जमली की किश्श्यांना तोटा नसतो, आणि एकदा पडलेली म्हातारी माणसं जमली की विचारूच नका. आमच्या बॅचमध्ये नवीन माणूस आला की नाव नंतर सांगतो, कुठं पडला ते आधी. कुणी न्हाणीत, कुणी बांधावर, कुणी एसटीच्या पायरीवरून. मी लाइनमन होतो. उभी नोकरी विजेच्या खांबांवर चढण्यात गेली, पण पडलो काही नाही. त्यामुळं ह्या बॅचमध्ये मला फारसा मान नाही. मी तिथं जातो माझ्या बायकोमुळं, कौसल्येमुळं.

बीडच्या बायपासजवळ आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी एक हौद बांधलाय. छातीइतकं कोमट पाणी, उतरायला पायऱ्या, कडेनं स्टीलचा दांडा. पाण्यात अंग हलकं होतं, तोल गेला तरी माणूस आपटत नाही, म्हणून म्हाताऱ्यांना तिथं चालायला आणि तोल सांभाळायला शिकवतात. आमच्याकडं हे सांगितलं की लोक व्यायामाचं नंतर विचारतात. आधी विचारतात, एवढं पाणी आणलं कुठून?

*

कौसल्या मोरीत पडली तेव्हा मी विहारात गेलो होतो. परत आलो तर ती फरशीवर आडवी, चेहरा पांढराफटक, आणि नळ चालू. मला बघून म्हणाली, "आदी नळ बंद करा."

खुब्याचं हाड डॉक्टरांनी जोडलं. पुढं एक्स-रे दाखवून म्हणाले, हाड पक्कं झालंय, आता चालू द्या. पण तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. स्वयंपाकघरात मनगट, अंगणात मनगट, संडासच्या दारापर्यंत मनगट. मी घरात नसलो तर खाटेवरून पाय खाली टाकायची नाही.

त्यात माझा हर्निया. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. मी म्हणतो, मी दवाखान्यात पडून राहिलो तर हिला कोण धरणार? एकुलती एक मुलगी नाशिकला, तिची स्वतःची सासू अंथरुणावर. म्हणजे हिनं मनगट सोडल्याशिवाय माझं ऑपरेशन नाही. मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही व्यायाम करायचा नाही. नुसतं काकूंच्या शेजारी उभं राहायचं."

पहिल्या दिवशी पाण्यात तिनं असं काही धरलं की मनगटात नखं रुतली.

*

सरूबाई आष्टीकडच्या. सारा जन्म ऊसतोडीत गेलेला, अंगानं काटक. पहिल्या दिवशी हौदाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि पाऊलच टाकेनात. मॅडमना वाटलं, पाण्याला भितात.

"भेत न्हाई ओ," सरूबाई म्हणाल्या, "पर इतक्या चांगल्या पाण्यात पाय घालायचा?"

पाणी गाळून परत वापरतो, हे मॅडमनी समजावल्यावर त्या वाकल्या, ओली बोटं डोळ्यांना लावली आणि उतरल्या. पाणी छातीला लागलं तेव्हा मात्र त्यांनी दांडा दोन्ही हातांनी आवळला. जन्मात गुडघ्याच्या वर पाणी त्यांनी अनुभवलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी साडी पिळली ती दारातल्या कडुलिंबाच्या रोपावर. अजून तिथंच पिळतात, आणि दुसऱ्या कुणी गटारीत पिळली तर तिला सुनावतात.

*

भगवानराव नारायणगडाकडचे. बायको गेलेली, गावात एकटेच राहतात. एकदा कोपर सोलून आले. विचारलं तर म्हणाले, बैलानं ढुशी दिली. पुढं गुडघा सुजला, तोही बैलामुळं. मग कानामागं टेंगूळ, ते पण बैलाचंच.

मॅडम म्हणाल्या, "काका, असला बैल विकून का टाकत नाही?"

"इकलाय की, मागंच."

सगळा हौद हसला. तेही हसले आणि मग हळूच म्हणाले, "पोराला सांगू नका. पडलो म्हनलं की पुन्याला न्हेऊन कोंडतंय. तितं त्या फ्लॅटात म्या आठ दिस बी जगणार न्हाई."

आमचं हसणं तिथंच विरलं. कुणी लेकापासून, कुणी सुनेपासून, प्रत्येकानं एखादं पडणं लपवलेलं होतंच.

*

मॅडमचा एक व्यायाम लाटांचा असतो. त्या मधोमध उभ्या राहून फळीनं पाणी ढवळतात आणि आपण दांडा सोडून तोल धरायचा. बायकापुरुष सगळे थरथरत उभे. पहिल्याच लाटेला भगवानरावांनी सरूबाईंचा पदर धरला.

"भाऊ, पदर सोडा."

"सोडला तर पडन."

"न सोडला तर दोगं बी पडू."

मोरीतल्या त्या प्रकारानंतर कौसल्या पहिल्यांदा हसली. पण हसताना मनगट आणखी घट्ट धरलं.

*

एका सकाळी भगवानराव आले नाहीत. फोनही उचलेनात. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं की ते रानात पडले होते आणि दुपारपर्यंत उन्हातच होते. एका गुराख्यानं बघितलं म्हणून वाचले.

त्या दिवशी कुणीच दांडा सोडला नाही. मॅडमनीही आग्रह केला नाही. घरी जाताना रिक्षात कौसल्या म्हणाली, "तुमी आदी गेलात तर म्या त्या मोरीतच मरन." मला फार भीती वाटत होती, तिच्याइतकीच.

टाके निघाल्यावर भगवानराव परत आले. भुवईवर लांबलचक व्रण. कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "बैल."

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

*

त्याच आठवड्यात मॅडमनी सरूबाईंच्या दोन्ही हातांत फोमची फळी दिली आणि पलीकडच्या कडेपर्यंत चालायला सांगितलं. सरूबाई नऊवारीतच उतरतात. हौदाच्या मध्यावर त्यांचा कासोटा सुटला आणि साडी फुगून वर यायला लागली. फळी सोडली तर बुडायची भीती, न सोडली तर लाज. मॅडम तेव्हा पायऱ्यांवर भगवानरावांना दोन्ही हातांनी धरून उतरवत होत्या.

"अगं बाई, माजी साडी," सरूबाई कळवळून म्हणाल्या.

"तिकडं तोंड करा," कौसल्या मला म्हणाली.

मी भिंतीकडं तोंड केलं. भगवानरावांनीही केलं. मागं पाणी खळबळलं. "हळू गं, हळू," असा सरूबाईंचा आवाज आला. मॅडम "काकू" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मी खाली बघितलं तर मनगटावर हात नव्हता. ती पडली, असंच माझ्या मनानं घेतलं. वळून बघायची हिंमत होईना.

"झालं. वळा आता."

कौसल्या हौदाच्या मधोमध उभी होती. सरूबाईंचा कासोटा खोचून झाला होता. मग ती तशीच, कशालाही न धरता, पाणी कापत माझ्यापर्यंत आली. दम लागला होता तिला.

"उंद्या जाऊन आप्रेशनची तारीख घ्या," ती म्हणाली.

मी तिचं मनगट धरलं.

"सोडा की. चालते म्या."

मी सोडलं नाही.