जहाज निघालं नाही

मेसेज आला तेव्हा आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. दादा आणि वहिनी सकाळीच गावाहून जालन्याला आमच्याकडे आले होते. संध्याकाळच्या गाडीने मुंबई आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरावरून जहाज, असा बेत होता. वहिनीने प्रवासासाठी दशम्या आणि ठेचा बांधून आणला होता, तो गाठोड्यातच राहू दे असं ती माझ्या बायकोला सांगत होती. मी डाव्या हाताने फोन उचलून मेसेज वाचला. इंग्रजीत होता. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. अपरिहार्य कारणामुळे उद्याची सफर रद्द. नवीन तारीख घ्या किंवा पैसे परत मागा, चोवीस तासांत कळवा. काही कळवलं नाही तर पैसे पुढच्या सफरीसाठी कंपनीकडे जमा राहतील.

"काय म्हनतंय?" दादाने विचारलं.

मी सांगितलं. वहिनीने हातातला घास ताटात परत ठेवला.

मी एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत हिशेब तपासतो. वाचल्याशिवाय सही करायची नाही ही माझी सवय आहे. या सहलीच्या अटीही मी बुकिंगच्या आधी वाचल्या होत्या. आपण पंधरा दिवसांच्या आत रद्द केलं तर निम्मे पैसे जाणार, आणि त्यांनी कधीही रद्द केलं तरी त्यांचं काही जाणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मला ते खटकलं होतं. तरी बुकिंग केलं, कारण सगळ्यांच्याच अटी तशा होत्या, आणि वहिनीला समुद्र बघायचा होता. एका लग्नात कोणीतरी तिला मोबाईलवर जहाजाचा व्हिडिओ दाखवला होता. तेव्हापासून ती मला भेटली की जहाजाचं काही ना काही विचारायची. वर स्वयंपाक कोण करतं, पाणी खारं असेल तर अंघोळ कशाने करतात, असं.

पण पैशाचा प्रश्न मला तितका छळत नव्हता. छळत होती ती गावातली पाठवणी.

आमचं गाव वाटूर फाट्यापासून आत आहे. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. दादाकडे आता थोडी शेती आणि चाळीसेक शेळ्या आहेत. शेळ्या सोडून दादा चार दिवस बाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. या वेळी त्या त्याने भाच्याच्या गोठ्यात ठेवल्या होत्या. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर बायकोला घेऊन निव्वळ फिरायला जायचं, हे गावात सांगायचं कसं, असा त्याला प्रश्न पडला होता. म्हणून त्याने पारावर सांगितलं की समुद्रस्नानाची यात्रा आहे. एकदा यात्रा म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप झालं. भावकीने जेवायला बोलावलं. बायकांनी वहिनीची ओटी भरली. समुद्राला वाहायला म्हणून अकरा घरांतून नारळ आले. सकाळी वेशीपर्यंत हलगी वाजली, आणि आमची चुलती, जिला सगळा गाव काकू म्हणतो, तिने दोघांच्या पायांवर पाणी घातलं.

आमच्याकडे यात्रेला निघालेल्या माणसाने एकदा वेस ओलांडली की तो यात्रा केल्याशिवाय घरात येत नाही. परत आला की वेशीबाहेर मारुतीच्या पाराशी थांबतो, तिथे त्याला ओवाळतात, मग तो घरी जातो आणि गावाला जेवण घालतो. अर्ध्यातून परत आलेल्याचं काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. तसं कधी झालंच नव्हतं.

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलली, मराठीतच. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"सर, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे."

"कारण काय?"

"ऑपरेशनल कारण आहे सर."

"म्हणजे जहाज बिघडलं, की माणसं भरली नाहीत?"

"ती माहिती माझ्याकडे नाही सर."

"आदल्या दिवशी दुपारी सांगताय. लोक घरातून निघालेत."

"समजू शकते सर."

दादा फोनजवळ सरकला. "बाई, तुमी समजून राह्यल्या, पन आमाला घरी जाता येत न्हाई. ते बी समजतंय का?"

ती गडबडली. "सर, नवीन तारीख देऊ शकते. तीन महिन्यांनंतरची."

"तवा माझ्या शेळ्या व्यायला येत्यात."

"सॉरी सर?"

मी फोन परत माझ्याकडे घेतला. परतावा मागितला तर पूर्ण मिळेल का, हे मला लेखी हवं होतं. तिने वरिष्ठांशी बोलून संध्याकाळी फोन करते असं सांगितलं. मी तिला तिचं नाव विचारलं, तिने सांगितलं. तिचा आवाज इतका दमलेला होता की पुढे भांडायची मला इच्छा राहिली नाही. आमच्यासारखे किती जण तिच्यावर ओरडून गेले असतील, हे मला कळत होतं. तरी राग जात नव्हता, कारण तो काढायला दुसरं कोणी नव्हतंच.

फोन ठेवल्यावर दादा म्हणाला, "चार दिस हितंच राहतो. चौथ्या दिशी गावाकडं जाऊ. कोनाला कळतंय?"

"आणि विचारलं तर?"

"सांगू, पानी लई होतं."

"मी नाही सांगणार," मी म्हणालो.

"तुला कोन इचारून राह्यलंय? तू गप बस."

"दादा, गावातली सहा पोरं इथे सळईच्या कारखान्यांत कामाला येतात. रोज आपल्या गल्लीच्या तोंडावरून मोटरसायकली जातात त्यांच्या. तू चार दिवस घराच्या बाहेर पाय ठेवणार नाहीस का?"

"न्हाई ठेवत."

"आणि वहिनी?"

"ती बी न्हाई."

एवढ्यात वहिनीचा फोन वाजला. गावाकडची शेजारीण होती. व्हिडिओ कॉल होता. फोन वाजत राहिला आणि आम्ही चौघं त्याच्याकडे बघत राहिलो. दादाने हाताने खूण केली, उचलू नको. फोन बंद झाला. मिनिटभराने पुन्हा वाजला. या वेळीही वहिनीने तो उचलला नाही, पण पालथाही घातला नाही. शेजारणीचा चेहरा, म्हणजे तिचा फोटो, ताटाशेजारी चमकत राहिला.

"हे चार दिस असंच का?" वहिनी दादाला म्हणाली. "फोन वाजला की आपुन चोरावानी बसायचं?"

"मंग काय करतीस?"

"जाऊ गावाकडं."

"वेशीत अडवतील."

"अडवू द्या. पाराव बसू. इथं जावेच्या घरात तोंड लपवून बसन्यापरीस ते बरं."

माझी बायको म्हणाली, "बाई, राहा ना. तुमचंच घर आहे."

"घर माझंच हाय गं. लपायला आले तर मंग न्हाई राहत माझं."

दादा चिडला. तोंड धुवायला म्हणून उठून गेला आणि बऱ्याच वेळाने आला तो बॅगा दाराशी ठेवूनच. मी गाडीची तिकिटं रद्द केली. त्यात जे कापलं गेलं ते कंपनी भरून देणार नव्हती, हे मला माहीत होतं. चारच्या सुमारास मी त्या दोघांना घेऊन मंठ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. नारळांची पिशवी वहिनीच्या पायाशी होती. रस्त्यात खड्डा आला की नारळ एकमेकांवर आपटायचे आणि दादा खिडकीकडे तोंड फिरवायचा.

वाटूर फाट्यावरून ऑटोने गावाकडे गेलो. ऑटोवाला गावचाच. त्याने आरशातून पाहिलं आणि गाडी चालू करायच्या आधीच विचारलं, "काय तात्या, जहाज पंक्चर झालं काय?"

गावात दादाला तात्या म्हणतात. त्याने बॅगा जवळ ओढल्या. वहिनी म्हणाली, "तू चाल गुमान. न्हाई तर तुजंच चाक काढीन."

ऑटोवाला हसला, पण पाराशी उतरवताना त्याने हॉर्न दोनदा वाजवला. तेवढ्याने काम झालं. पाच मिनिटांत पारावर पंधरा-वीस माणसं जमली. बायका वेशीच्या आत, पदर तोंडाला लावून उभ्या. मी समजावून सांगायला लागलो. कंपनी, अपरिहार्य कारण, चोवीस तास. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. एवढं मोठं जहाज एका मेसेजवर कसं थांबतं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि खरं तर मलाही कळलेलं नव्हतं.

"देवानं बोलावलं नसंल," कोणीतरी म्हणालं.

"समुद्रानं," दुसरा म्हणाला आणि काही जण हसले.

एक जण म्हणाला, "नारळाचं काय? आमचा नारळ कोन वाहनार?"

काकू पुढे आली. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज अजून लांबपर्यंत जातो. तिने पिशवी उघडायला लावली आणि म्हणाली, "नारळ मारुतीपुढं फोडा. ज्याचा त्यानं प्रसाद घ्यावा." मग वहिनीकडे बघून थांबली. "पन तुला आत कसं घेऊ पोरी? मीच पानी घातलं सकाळी पायाव. यात्रेला म्हनून घातलं."

वहिनी पाराच्या कडेला बसली. दादा तिच्यापासून दोन हात लांब बसला. आत जायचा रस्ता समोर होता, आणि त्यांचं घर तिसरं. दारातला दिवा दिसत होता. मला फार राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. कंपनीचा, गावाचा, यात्रा हा शब्द काढणाऱ्या दादाचा. तीस वर्षं रोज ज्या दारातून आतबाहेर केलं, त्याच्यापासून माझी वहिनी पन्नास पावलांवर अडकली होती, आणि हे का झालं हे सांगायला मुंबईत एका मुलीखेरीज कोणी नव्हतं.

त्याच वेळी त्या मुलीचा फोन आला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला. सगळे जवळ सरकले.

"सर, कन्फर्म झालं आहे. पूर्ण परतावा मिळेल. किंवा तीन महिन्यांनंतरची तीच केबिन, त्याच दरात. आपण आत्ता निवडलं तर मी लगेच मेल करते."

"परतावा," मी म्हणालो. "लेखी पाठवा."

"बराबर," दादा म्हणाला. "पैसे घे आन् मिटव."

"थांबा भाऊजी," वहिनी म्हणाली.

ती उठून माझ्याजवळ आली आणि फोनशी वाकून, फोन लांब असल्यासारखी मोठ्याने बोलली. "बाई, तू बसलीस का कधी जहाजात?"

"नाही मावशी."

"मंग ते निघंल का न्हाई, तुला तरी काय ठावं?"

"मावशी, मी खात्री देऊ शकत नाही. पण तारीख देऊ शकते."

जमलेल्यांत कोणीतरी हसलं. वहिनी हसली नाही. तिने मान वर केली आणि दादाकडे, मग काकूकडे पाहिलं. "मला जायाचं हाय," ती म्हणाली. "ती यात्रा-बित्रा काय न्हवती. ते ह्यांनी सांगितलं. मला पानी बघायचं व्हतं. नुस्तं बघायचं. फिरायला जानार व्हते मी."

एवढं बोलून तिला धाप लागली. दादाचे कान लाल झाले होते.

"शेळ्यांचं काय?" दादा पुटपुटला.

"माझ्याशिवाय बी व्यातील त्या. तुमाला न्हाई यायचं तर ऱ्हावा."

सगळ्या हिशेबाने परतावा घेणंच बरोबर होतं. ज्यांनी एकदा रद्द केलं ते दुसऱ्यांदाही करू शकतात. पैसे हातात असले की माणूस मोकळा राहतो. हे मी वहिनीला सांगायला तोंड उघडलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर म्हणालो, "नवीन तारीख द्या. आणि पुन्हा रद्द झालं तर पूर्ण परतावा, हे मेलमध्ये लिहा. लिहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"लिहिते सर."

काकूने पदर खोचला. "यात्रा न्हवती म्हनतीस?"

"न्हवती."

"मंग मी तुला अडवून कशाला राह्यले?" ती बायकांकडे वळली. "सरका गं. बाजारला गेल्ती, आली. येऊ द्या तिला."

बायका सरकल्या. वहिनी कोणाकडे न बघता आत गेली. तिच्या मागे दोघी-तिघी गेल्या, आणि त्या तिला जहाजाचंच विचारत होत्या हे मला पारावरून ऐकू आलं.

दादा उठला नाही. माणसं पांगली, मारुतीपुढे नारळ फुटले, एका पोराने खोबऱ्याचा तुकडा आणून आमच्या हातावर ठेवला. दादाने तो खाल्ला. मग त्याने विचारलं, "तारीख पक्की हाय का?"

"मेल आला आहे. पण पक्की म्हणता येत नाही."

"परत रद्द करतील?"

"करू शकतात. त्यांच्या अटीतच आहे."

"मंग ती परत असंच फुडं येऊन बोलंल."

"बोलेल," मी म्हणालो.

त्याने दोन्ही बॅगा उचलल्या. एकही माझ्याकडे दिली नाही. वेशीतून आत जाताना तो थोडा थांबला, कोणी अडवतंय का ते बघत असावा. मग घराकडे न वळता सरळ पुढे, भाच्याच्या गोठ्याकडे शेळ्या आणायला निघाला, बॅगा घेऊनच.