शून्य नंबरचं घर

आमची आत्या भित्री. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि ती मान डोलावते. लिफ्टमध्ये ती पाऊल ठेवत नाही. बस पुलावर आली की डोळे मिटून घेते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारते, "गेला का पूल?" शेगडी बंद केली की नाही हे पाहायला जिना चढून परत वर येते, आणि खाली उतरताना कुलूप लावलं की नाही या काळजीनं पुन्हा मागे फिरते. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, "ताईला घाबरायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते."

अशा बाईनं नोकरी कुठली धरावी? तर खचणारी जमीन मोजायची.

आमच्या शहराच्या पोटात चुनखडीचा थर आहे. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि आत पोकळ्या होतात. त्या पाण्यानं भरलेल्या असतात तोवर वरची जमीन कशीबशी तरलेली असते. वरून बोअर मारून पाणी उपसत राहिलं की आतला आधार जातो आणि वरचं छत बसायला लागतं. हे मला आत्यानंच सांगितलं होतं, मी शाळेत असताना, झोपायच्या आधीची गोष्ट म्हणून. आई त्यावरून तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हती.

विद्यापीठातल्या एक प्रोफेसर या खचण्यावर संशोधन करत होत्या. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. आत्या त्यांच्याकडे पट्टी धरायची. शहरात पायऱ्यांवर, कट्ट्यांवर, भिंतींच्या जोत्यांत पितळी खुंट्या बसवलेल्या होत्या. त्या खुंटीवर आकडे लिहिलेली उंच पट्टी टेकवून सरळ उभं राहायचं, ती जराही कलू द्यायची नाही, आणि लांब तिपाईवरच्या दुर्बिणीतून मोजणीवाला आकडा वाचणार. मग तो पुढे, मग ही पुढे, असं करत सगळं शहर पालथं घालायचं. पट्टी हलू नये म्हणून श्वास रोखून धरावा लागतो. ते आत्याला उत्तम जमायचं, कारण तिचा श्वास तसाही रोखलेलाच असायचा.

पण उंची मोजायची तर कशापासून तरी मोजावी लागते. त्यासाठी एक खुंटी अशी धरतात, जी हलत नाही असं सगळ्यांनी मानलेलं असतं. हे लोक तिला शून्य नंबर म्हणत. मोजणी तिथून सुरू व्हायची आणि शहर फिरून तिथेच संपायची. पूर्वी अशा आणखी खुंट्या होत्या, पण रस्ते रुंद करताना त्या गेल्या. उरली ती एका दगडी दुमजली इमारतीच्या जोत्यात. तिचा पाया थेट खडकावर आहे, असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं होतं.

आत्यानं बाबांना त्या इमारतीचा वरचा मजला भाड्यानं घ्यायला लावला.

"सगळ्या गावाचे आकडे माझ्यासमोर असतात," ती बाबांना म्हणाली. "प्रत्येक खुंटी खाली चाललीय. कुठे थोडी, कुठे जास्त. एकटीच अशी आहे की तिच्यापुढे दर वेळी शून्य येतं. मला तिच्यावर झोपायचंय."

बाबांनी कपाळाला हात लावला, पण खोल्या मोठ्या होत्या, उजेड भरपूर होता, आणि आईला स्वयंपाकघर आवडलं. आम्ही सगळेच तिथे राहायला गेलो. खरं सांगायचं तर त्या घरात मला नवीनच आत्या मिळाली. ती गाणी गुणगुणायची. गाढ झोपायची, चक्क घोरायची. बाहेरून जीव मुठीत धरून यायची, आणि फाटकाच्या आत आली की तिचे खांदे खाली यायचे. आम्हाला इतकं बरं वाटायचं की कुणी जास्त विचारलं नाही.

आणि ती हे सगळ्यांना सांगत सुटली. बाजारामागे एक टेलरबाई होती, एकटी राहणारी, हाताला भारी वेग. तिच्या दुकानाच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा आत्यानंच तिला आमच्या खालची रिकामी जागा दाखवली. पुढच्या खोलीत शिलाई, मागच्या खोलीत बिऱ्हाड. टेलरबाई जागा बघायला आली तेव्हा मला म्हणाली, "तुझी आत्या जिथे घाबरत नाही, तिथे वाघसुद्धा पाळता येईल." दुसऱ्या दिवशी तिची मशिनं आली.

पुढची काही वर्षं आकडे सुधारत गेले. शहराचं खचणं मंदावल्यासारखं दिसू लागलं, काही खुंट्या तर चक्क किंचित वर आल्या. कारखान्यांचा उपसा मध्यंतरी बंद झाला होता, त्याचा गुण आला असं डॉक्टरबाईंना वाटलं. उपग्रहावरून रडारनं घेतलेल्या मोजणीतही तेच दिसत होतं. नखाच्या जाडीएवढी जमीन हलली तरी त्या मोजणीत कळतं, असं आत्या सांगायची. फक्त तिलाही एक न हलणारी जागा सांगावी लागते, आणि जमिनीवरच्या मोजणीशी ताळा जमावा म्हणून या लोकांनी आपलीच शून्य नंबरची खुंटी सांगितली होती. दोन्हीकडून एकच उत्तर येत होतं. शंका कोण घेणार?

घरात मात्र बारीकसारीक काहीतरी चालू होतं. मोरीतलं पाणी जाळीकडे जायचं सोडून मागच्या कोपऱ्यात साचायला लागलं. मागचं दार फरशीला घासू लागलं. बाबांनी सुतार बोलावून ते तासून घेतलं, तर काही महिन्यांनी पुन्हा घासायला लागलं. "लाकूड फुगलंय," आत्या म्हणाली. जगातल्या प्रत्येक दाराचा संशय घेणारी बाई या एका दाराची बाजू घ्यायची.

मग एका सकाळी ती पट्टी जमा करायला विद्यापीठात गेली. तिथे जे झालं ते तिनं नंतर सांगितलं. शहराबाहेरच्या उघड्या खडकाच्या टेकडीवर डॉक्टरबाईंनी एक नवीन अँटेना बसवली होती, स्वतःची जागा स्वतः उपग्रहांवरून मोजणारी. तिच्या पुरेशा काळाच्या नोंदी जमल्या, म्हणून त्यांनी टेकडीला पक्कं धरून सगळ्या शहराचं चित्र पहिल्यापासून पुन्हा काढलं होतं. आत्या शिरली तेव्हा ते पडद्यावर होतं. शहर बहुतेक सगळं पिवळं, म्हणजे थोडंथोडं खचणारं. मधोमध एक लाल डाग.

"हा रस्ता कुठला?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. त्यांचाही चेहरा उतरला होता. "तो कधी हललाच नाही असं आपण समजत होतो," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढे शून्य आपणच मांडत होतो. तो खाली जात होता, आणि आपल्याला बाकीचं गाव वर येताना दिसत होतं." मग त्यांनी शेवटच्या काही आठवड्यांची रेघ दाखवली. ती उतरत उतरत सरळ खाली वळली होती. "बाई, घरी कोण आहे आत्ता?"

आत्या त्या खुर्चीत बसलीच नाही.

मी खिडकीत होते. ती रस्त्यावरून धावत आली आणि फाटकापाशी थबकली. आत येईना. तिथूनच तिनं मला हाक मारली, आणि तो आवाज तिचा वाटत नव्हता. "आईला घे. बाबांना घे. काही उचलू नका, नुसते खाली या." आम्ही तिच्या भीतीची इतकी वर्षं चेष्टा केली होती, पण त्या वेळी कुणाला हसू आलं नाही. बाबा अनवाणीच उतरले. जिन्यात मी एकेक पायरी चाचपत उतरत होते. पायऱ्या दगडाच्या, कालच्याच होत्या, आणि प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं की ही धरेल की नाही. खरी भीती काय असते ते मला त्या जिन्यात कळलं. आत्या आयुष्यभर ती घेऊन बाजारहाट करत होती, या विचारानं मला रडू फुटलं.

तोवर डॉक्टरबाईंनी नगरपालिकेला फोन केला होता. उद्या इंजिनिअर येऊन पाहणी करतील, असं उत्तर मिळालं.

राहिली टेलरबाई. आत्यानं फाटकातूनच तिला हाका मारल्या. ती दारात आली, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. शाळेच्या गणवेशांचा ढीग तिच्यामागे छताला टेकायला आला होता. तिनं टाचण्या काढून शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"आत्याबाई, तुम्ही जत्रेतल्या पाळण्यालासुद्धा घाबरता," ती म्हणाली. "तुम्हीच मला इथे आणलंत ना? एवढीच जागा पक्की म्हणालात."

"चुकले मी. सगळेच चुकलो. बाहेर ये."

"आणि हे कपडे? पोरांना उद्या घालायचेत. एवढी बाही लावते, मग बघू." ती आत वळली आणि मशीन सुरू झालं.

बाबा म्हणाले, मी तिला ओढून आणतो. पण आत्यानं त्यांचा हात धरला. मग तिनं फाटक ढकललं. मी तिच्या मागे जाणार तर तिनं वळून नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी जागच्या जागी खिळले. ती अंगणातून गेली, ओणव्यानं, भिंतीला न शिवता. दाराशी क्षणभर थांबली. आणि आत गेली.

दार उघडं होतं, म्हणून आम्हाला दिसत होतं. टेलरबाईच्या शेजारी एक स्टूल होतं. आत्या त्यावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हे काय?" टेलरबाईनं विचारलं.

"तुझं होऊ दे. तू उठलीस की मी उठेन."

"तुम्ही जा हो बाहेर."

"नाही."

टेलरबाईनं पुन्हा पाय चालवला. पण थोड्याच वेळात मशीन थांबलं. आत्याचं अंग इतकं थरथरत होतं की तिच्याखालचं स्टूल फरशीवर टकटक वाजत होतं, आणि तो आवाज आम्हाला फाटकापर्यंत ऐकू येत होता. टेलरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या हाताला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं बाही तशीच सुईखाली सोडली, आत्याला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "चला. चला बाई, चला."

त्या रस्त्यावर आल्या. समोरच्या दुकानदारानं खुर्च्या दिल्या, त्यावर कुणी बसलं नाही. टेलरबाई पुटपुटत होती की संध्याकाळी जाऊन निदान गणवेश तरी आणू. तेवढ्यात मागच्या अंगाला गोणी आपटल्यासारखा आवाज झाला. एकच, फार मोठाही नाही. इमारतीची पुढची भिंत जशीच्या तशी उभी राहिली, आमच्या खिडकीचा पडदाही तसाच होता, पण त्या खिडकीतून आता पलीकडचं आभाळ दिसत होतं. टेलरबाईच्या दारातून आत ना मशीन होतं ना फरशी. नुसता अंधार, आणि त्यात खाली खूप वेळ काहीतरी घरंगळत होतं.

आईनं मला छातीशी घट्ट धरलं. माणसं घरांतून बाहेर येऊन रस्त्यावर जमत होती. टेलरबाई रडली नाही. ती आत्याकडे वळली आणि तिनं अगदी साध्या आवाजात, दुकानाचा पत्ता विचारावा तसं विचारलं, "आता कुठे राहू मी? सांगा ना. तुम्ही सगळं गाव मोजलंय. पक्की जागा कुठली?"

जमलेले सगळे आत्याकडे पाहायला लागले. त्या गावात कुठे किती खचतंय ते मोजत तिच्याइतकं पायी फिरलेलं दुसरं कुणी नव्हतं. तिनं ओठ ओले केले. एकदा बाजाराच्या दिशेनं पाहिलं, एकदा खाली, स्वतःच्या चपलांकडे.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

आम्ही तसेच रस्त्याच्या मध्यभागी उभे राहिलो, पूर्ण उजेडात, सगळी गल्ली, आणि पहिलं पाऊल टाकायला कुणीच तयार नव्हतं.