तूर निघेपर्यंत

आमचे आप्पा जिथं बसतील तिथं पाण्यानं भरलेली बादली लागायची. दुकानात गादीशेजारी एक, गोदामाच्या दारात एक, स्वयंपाकघरात गॅसपाशी एक. कुणाच्या लग्नाला गेले तरी नवरानवरीच्या आधी त्यांची नजर बादली शोधायची. दिसली नाही की यजमानाला बाजूला घेऊन विचारायचे, "मांडव झकास घातलाय, पण पाणी कुठंय?" यजमानाला वाटायचं, म्हाताऱ्याला तहान लागलीय. तांब्या यायचा. आप्पा तो न पिता खुर्चीखाली ठेवून घ्यायचे, अगदीच नसल्यापेक्षा बरा म्हणून.

आप्पा म्हणजे माझे सासरे. नळदुर्गात हमरस्त्याला लागून आमचं घर, पुढं भुसार मालाचं दुकान, मागं गोदाम. आप्पा लहान असताना त्यांच्या वडिलांचं कापसाचं गोदाम कुणाच्या तरी विडीच्या ठिणगीनं जळालं होतं. "दुपारी सावकार व्हतो, दिवेलागणीला फकीर," एवढंच ते त्याबद्दल बोलायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आप्पा, तुळजापूरला शाळेत शिकवणारा माझा नवरा महेश, आणि मी.

मी मंडपवाल्याची मुलगी. उमरग्याकडं माझ्या वडिलांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. कुठल्याही कार्यालयात शिरले की ते आधी एक टाळी वाजवायचे, ती कुठं जाऊन विरते ते ऐकायचे आणि मग कर्णे कुठं बांधायचे ते ठरवायचे. ही खोड मलाही लागली. सासरी आल्या आल्या आप्पांनी मला घर दाखवायला नेलं, तेव्हा गोदामात पाऊल टाकताच माझ्या हातून टाळी वाजली. आप्पा दचकले. "उंदीर हाकलतीस काय?" म्हणाले. माझं लक्ष टाळीकडं होतं. पुढच्या खोल्यांत ट्रक गेला की कपाटाच्या काचा थरथरायच्या. इथं तीन भिंतींना छतापर्यंत तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि टाळी वाजली तिथंच जिरली. गाणं ऐकायला यापेक्षा चांगली खोली मी आजवर पाहिलेली नाही.

आमच्या घरात एक जुनी रीत होती. माल काढून घेतल्यावर जी रिकामी पोती उरतात, ते बारदान विकून येणारा पैसा घरातल्या बाईचा. त्याचा हिशोब कुणी विचारायचा नाही. कुणी त्यातून भांडी घेतली असती, कुणी भिशी लावली असती. मी ॲम्प्लिफायर घेतला. सोलापूरच्या जुन्या बाजारातला, एका बाजूनं मुका, म्हणून स्वस्तातला. वडिलांच्या हाताखाली सोल्डर करायला शिकले होते, ती बाजू बोलती केली. पुढच्या हंगामाच्या बारदानातून स्पीकर आले, सुताराकडून त्यांच्या पेट्या करून घेतल्या. पेट्या थरथरू नयेत म्हणून वर काहीतरी जड हवं होतं. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून दुकानातली लोखंडी वजनं कोपऱ्यात पडून होती, ती आणून ठेवली. आप्पांनी पाहिलं. "ज्या वजनांवर घर चाललं, त्येंला गाण्याच्या पेटीवर बसवलीस व्हय," म्हणाले. वजनं उचलली मात्र नाहीत.

गाण्याचं त्यांना वावडं होतं असं नाही. "गाणं देवळात असावं, न्हाईतर लग्नात. घरात कशाला?" एवढाच त्यांचा सिद्धांत. खरी धास्ती वायरीची होती. तागाच्या पोत्यांमधून मी ओढलेली वायर दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "बारदानाला ठिणगी पुरती, सूनबाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढं पुढं ते तोंड उघडायच्या आधीच मी चिडून बसायची.

आणि एका संध्याकाळी ॲम्प्लिफायरच्या आत काहीतरी तडकलं. जळका वास आला, झाकणाच्या जाळीतून धूर निघू लागला. मी मेन स्विचकडं धावले, खटका पाडला, वळून बघते तर आप्पा दोन्ही हातांत बादली धरून उभे. मी ओरडले, "आप्पा, थांबा, बंद केलंय!" पण ते थांबण्याच्या पलीकडं गेले होते. अख्खी बादली माझ्या मशीनवर! मग ते तिथंच खाली बसले. इतका करडा माणूस, पण चेहरा असा, की समोर अजून ते जुनं गोदाम जळत असावं. माझं मशीन गेलं म्हणून मला रडू येत होतं आणि त्यांच्याकडं बघून रडायचीही चोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुकानात आमचा जुना हमाल मल्हारी आणि चार गिऱ्हाइकं समोर असताना आप्पांनी निकाल दिला. महेशनं मध्ये पडून वायर पाइपातून घ्यायचं आणि वेगळा फ्यूज बसवायचं कबूल केलं होतं. आप्पा म्हणाले, "बरं. पण ऐका. मला आता ह्यो धंदा झेपंना. हाय ती तूर निघाली की गोदाम भाड्यानं देणार. तूर हाय तवर वाजव. ज्या दिशी तूर निघंल त्या दिशी पेटी बी निघंल. परत माझ्याम्होरं इशय काढायचा न्हाय. साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. आप्पांनी साकु म्हटलं की विषय संपला. बाजारात त्यांची ख्यातीच तशी होती. एकदा तोंडातून भाव गेला, मग तासाभरात बाजार फिरून नुकसान झालं तरी माल त्याच भावानं जायचा. चारचौघांत बोललेला शब्द त्यांनी गिळल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

गोदामाशिवाय माझ्या मशीनला दुसरी जागा नव्हती. पुढं ट्रकांचा हादरा आणि माडीवर पत्र्याचा खडखडाट. त्यामुळं माझं सगळं त्या तुरीवर टांगलेलं. व्यापाऱ्याच्या घरात राहून मंदीसाठी देवाला हात जोडणारी सून नळदुर्गात मी एकटीच असेन. आडत्याचा फोन आला की पोळी तव्यावर करपायची आणि कान दुकानाकडं. आप्पा म्हणायचे, "भाव न्हाई. बघू पुढल्या बाजारला." मग मला जेवण जायचं. ॲम्प्लिफायर वाळवून, जळलेले भाग बदलून मी पुन्हा उभा केला होता. मी तो लावला की आप्पा गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, पाठ माझ्याकडं, पायाशी बादली. बंद केला की स्वतः येऊन मेन स्विच पाडायचे. गाण्याच्या समेला समोर पोलिसासारखी पाठ दिसली की चव जायची.

शेवटी भाव चढलाच. सकाळीच ट्रक दाराला लागला. मी कुणाशी न बोलता वायरी सोडवल्या, गुंडाळल्या, स्पीकरवरची वजनं खाली ठेवली. महेशनं एकदा माझ्याकडं, एकदा आप्पांकडं पाहिलं आणि शाळेला उशीर होतो म्हणून निघून गेला. मल्हारी आणि त्याची माणसं पाठीवर पोती घेऊन जात राहिली. डावी भिंत उघडी पडली, मग उजवी. मला राहवेना, मी टाळी वाजवली. आवाज रिकाम्या भिंतींवर आपटत फिरला. मल्हारीनं मागच्या थप्पीला हात घातला, तेवढ्यात आप्पा दारातून म्हणाले, "साकु. मागली थप्पी ऱ्हाऊ दे."

मल्हारी थांबला. "आप्पा, असा भाव परत यायचा न्हाई."

"अजून चढंल. ऱ्हाऊ दे म्हन्लं न्हवं?"

मला वाटलं, म्हातारपणी लोभ सुटला. सुटला तर सुटू दे! त्या लोभाला मी मनात नमस्कार केला आणि वायरी पुन्हा जोडल्या. पण अर्ध्या रिकाम्या गोदामात आवाज पार बिघडला. खालचे सूर नुसते घुमायचे. कानडी वचनं गाणाऱ्या एका बाईंचं ध्वनिमुद्रण माझ्या फार आवडीचं, तेही ऐकवेना. दारातली पाठ म्हणाली, "ही बाई आज रांजणात बसून गातीया काय?" मी चमकले. टोमणा म्हणून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी उमरग्याला गेले. परत येऊन बघते तर एकच थप्पी मोडून तिन्ही भिंतींना एकेरी पोती लावलेली. "उंदीर लागले व्हते, हलवून लावली," आप्पा म्हणाले. थप्पी एवढी मोठी होती असं मला वाटलं नव्हतं. तसं म्हटल्यावर, "पसरलं की जास्त दिसतं," म्हणून ते पूजेला निघून गेले. मी गाणं लावलं. बाई बरोबर मधोमध, दोन्ही पेट्यांच्या मध्ये, समोर येऊन बसल्यासारख्या गाऊ लागल्या. मी उंदरांचे आभार मानले. त्या हंगामाचं बारदान मात्र मला मिळालं नाही. "फाटकं व्हतं, देऊन टाकलं," म्हणे. खालच्या सुरांसाठीचे माझे नवे वूफर त्यावर अडले होते. म्हातारा असा कोंडी करतोय म्हणून मी महेशचं डोकं खाल्लं.

पुढची वर्षं अशीच गेली. नवा माल आप्पांनी घेतलाच नाही, पण जुनी तूरही काढली नाही. भाव चढायचा, माझा जीव टांगणीला लागायचा, भाव उतरायचा. आडतीवर लोक हसायला लागले. "आप्पाची तूर म्हातारी झाली." "आप्पाला आता बाजार कळंना." ज्या माणसाचा अंदाज विचारून लोक माल काढायचे, त्याच्या तोंडावर हे बोललं जायचं, आणि आप्पा नुसतं "असू द्या" म्हणायचे. मी थोडं थोडं करत मशीन सुधारत राहिले. एकदा वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, ट्वीटर, स्वस्तातले नवे बसवले तेव्हा दारातून आवाज आला, "बाईला सर्दी झाली का? शिट्टी वाजतीया." खरंच वाजत होती. मी जुने परत लावले. "आप्पा, तुम्ही ऐकता व्हय?" मी विचारलं. "म्या तुरीवर ध्यान ठिवतोय," ते म्हणाले, मागं न बघता.

गेल्या थंडीत आप्पा गेले. ताप आला, छातीत भरलं आणि चार दिवसांत सगळं संपलं. दारातली खुर्ची कुणी हलवली नाही, पण बादलीतलं पाणी आटत गेलं. मशीन लावायचं माझ्या मनात येईना. महिन्याभरानं महेशनं हळूच विषय काढला. गोदामाला भाडेकरू मिळत होता, तुरीला भाव होता. "आप्पांचाच शब्द आहे," तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्यांच्या माघारी त्यांच्याशी भांडायची माझी इच्छा नव्हती.

ट्रक आला. मल्हारी आला, पण पोत्याला हात लावीना. "अक्का, आणिक एक साल ऱ्हाऊ द्या की," म्हणून जमिनीकडं बघत उभा. महेश वैतागला. आयुष्यात कधी पोतं न उचललेला माणूस, शर्टाच्या बाह्या सारून पुढं झाला, सगळा जोर लावून त्यानं एक पोतं ओढलं आणि पोत्यासकट मागं उताणा पडला. पोतं उशीसारखं हलकं होतं. उसवलेल्या शिवणीतून त्याच्या छातीवर भुसकट सांडलं.

मी दुसरं पोतं उचललं. तेही तसंच. भिंतीभर सगळी तशीच. सुतळीला आप्पांची ती दुहेरी गाठ. माझं न मिळालेलं बारदान माझ्यासमोर भुसकटानं भरून उभं होतं.

"मल्हारीमामा, हे काय आहे?"

मल्हारीनं डोक्यावरचा रुमाल काढला. "तुमी माहेराला गेलता न्हवं, तवाच ती मागली थप्पी सोलापूरला नेऊन इकली; तिन्ही भिंतींना ती पुरत न्हवती, आन् ठिवली तर किडली असती. पैसं तुमच्या मालकांच्या खात्यात घातलं, जुनी उधारी आली म्हनून सांगितलं. मग धा ठिकानचं भुसकट गोळा केलं. म्या भरायचं, आप्पांनी शिवायचं. म्हन्लं, आप्पा, पेटी ऱ्हाऊ दे म्हना की तोंडानं, येवढा खटाटोप कशाला? तर म्हन्ले, चारचौघांत बोललोय. तूर निघाली तर पेटी निघाली पायजे. म्हनून तूर निघालीच न्हाई म्हनायचं. शब्द मोडला न्हाई मल्हारी, पोत्यात शिवला."

महेश छातीवरचं भुसकट झाडायचं विसरून तसाच बसून राहिला. मला हुंदका आवरेना. बाजारानं वेडा ठरवलं ते या माणसानं माझ्यासाठी ऐकून घेतलं होतं, आणि मी भाव पडावा म्हणून देवाला हात जोडत होते. पण काळजात घुसलं ते वेगळंच. भुसकट! तागाला ठिणगी पुरते म्हणणाऱ्या, विडीचं थोटूक पाहून थरथरणाऱ्या माणसानं आपल्या हातानं घरात भुसकट भरून ठेवलं होतं, माझ्या वायरींच्या शेजारी. मग दारात खुर्ची टाकून, पायाशी बादली घेऊन, गाणं संपेपर्यंत रोज तिथं बसत होते.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आत डोकावून म्हणाला, "काय भाऊ, भरायची का तूर?"

महेशनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळे पुसले.

"आमची तूर एवढ्यात निघत नाही," मी म्हणाले. "भाव अजून चढंल."

ड्रायव्हर पुटपुटत निघून गेला. महेशनं पडलेलं पोतं खांद्यावर घेतलं आणि भिंतीला नेऊन लावलं. मल्हारी उसवलेली शिवण घालायला सुतळी शोधू लागला. मी दारातली बादली उचलली आणि भरायला हौदावर गेले.