आधी तू, मग मी

आमची लेक सहा वर्षांची होईपर्यंत पांढरं तेवढंच खायची. भात, दही, दूध, फार तर एखादं बिस्किट. ताटात हिरवं दिसलं की ताट दूर सारायची. पालक वाटून पराठ्यात घातला तरी पहिल्याच घासाला ओळखायची. मोबाइल दाखवून भरवलं तर घास गालात धरून बसायची. पोट साफ होत नसे म्हणून दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "जबरदस्ती करू नका. सगळे मिळून तिच्यासमोर जेवत जा." तसंही करून पाहिलं. फरक पडला नाही.

त्याच हिवाळ्यात गावी, हिंगणीला, माझ्या वडिलांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं, गिळताना ठसका लागू लागला. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर आम्ही त्यांना पिपरी मेघेला आमच्याकडे आणलं. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाला लेकीच्या हातून भरवून घेणं सोसेना. मी चमचा पुढे केला की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. घरात न जेवणारी माणसं आता दोन झाली होती.

एका संध्याकाळी मी थकून वाटी त्यांच्याजवळ स्टुलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात आले. मुगाच्या वरणात घोटलेली लवकी, म्हणजे दुधी, होती. थोड्या वेळानं लेकीचा आवाज आला.

"आबाजी, तोंड उघडा ना."

मी दारात येऊन पाहिलं. ती पलंगावर चढून चमचा धरून बसली होती. वडिलांनी मान हलवली आणि डाव्या हातानं तो चमचा हळूच तिच्याकडे वळवला. आधी तू.

तिनं चमच्यात पाहिलं. लवकीचा हिरवट रंग स्पष्ट दिसत होता. मी जागची हलले नाही. तिनं चमचा तोंडात घातला, सावकाश चावलं, गिळलं.

"गरम नाई आहे," ती म्हणाली. "आता तुम्ही."

आणि त्यांनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वाटीत दोन चमचे ठेवू लागले. कोहळं झालं, पालकाची पातळ भाजी झाली. चुक्याच्या भाजीला तिचे डोळे मिटले, पण घास खाली गेला, कारण समोर आबाजी वाट पाहत होते. तिच्या पाठोपाठ तेही गिळायचे. त्यांचा ठसका कमी होत गेला. मी रोज दाराशी उभी राहून ते पाहत असे, देवळात उभं राहावं तशी.

वाचा बरीचशी परत आल्यावर मी त्यांना विचारलं, "बाबा, तिनं खावं म्हणून मुद्दाम करत होते ना तुम्ही?"

"नाई व माय," ते म्हणाले. "मले गिळाचं भेव लागे. मी तिच्या गळ्याकडे पाहो अन् तसंच करो."

मी इतके दिवस समजत होते की म्हातारा माणूस लेकराला खायला शिकवतो आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर ते हिंगणीला परतले. लेक कारल्याला अजून हात लावत नाही, आणि शेजारच्या वाढदिवसाला गेली की चिप्सच आधी उचलते. पण परवा भाकरीसोबत पालक खाता खाता म्हणाली, "आई, यात लसूण कमी झाला." मी उठले आणि लसणाची फोडणी करून आणली.