दुपट्ट्याखालचा सौदा

कोणी हॉकीचं नाव काढलं की माझं डोकं अजूनही फिरतं. लोक म्हणतात, पत्त्यांच्या खेळापायी एवढा राग? त्यांनी तो हॉल पाहिलेला नाही.

चिचगडला माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. ते मला कोणी आंदण दिलं नाही. त्याआधी मी बैलबाजारात दलाली करायचो. तिथे दोघे दलाल हातात हात घेतात, वर दुपट्टा टाकतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. शेजारच्याला काही कळत नाही. यात चोरी नसते. उलट चारचौघांत भाव फोडणाऱ्यालाच बाजार नावं ठेवतो. पुढे ट्रॅक्टर आले, बाजार ओस पडला आणि मी दुकान टाकलं.

एक दिवस शाळेतल्या बाई वर्गणी मागायला आल्या. त्यांच्या मुली धान कापून झालं की रिकाम्या बांध्यांमध्ये हॉकी खेळायच्या, बांबूच्या मुळाकडच्या वाकड्या काठ्यांनी. काठी फुटली की तिच्या चिरफळ्या हातात घुसायच्या. मी वर्गणीला नाही म्हणालो. मग बाईंनी पिशवीतून एक डबा काढला. गोंदियाच्या एका संस्थेने शाळाशाळांत हॉकीचे पत्ते वाटले होते. स्पर्धा होणार होती आणि जिंकणाऱ्या शाळेच्या पूर्ण चमूला खऱ्या स्टिक मिळणार होत्या.

"हॉकी खेळायला काठ्या पाहिजेत, आणि काठ्या पाहिजेत तर पत्ते खेळा," बाई म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा."

मी नियम वाचले. प्रत्येक पत्त्यावर एक खेळाडू, कोपऱ्यात त्याचं बळ. जास्त बळाचा पत्ता चेंडू पुढे नेतो. मध्यंतरात समोरच्या जोडीचे पत्ते पाहता येतात आणि एक बदलून घेता येतो, पण कोणता द्यायचा ते तेच ठरवतात. नुसतं बोलून पटवायचं. जोडीदारांनी आपसात सल्ला करावा, समोरच्याला ऐकू जाऊ देऊ नये.

"बाई, ही हॉकी नाही. हा बैलबाजार आहे," मी म्हणालो. "पोरी पाठवा."

दोन पोरी आल्या. एक उंच, चमूची गोलकीपर, कमी बोलणारी. दुसरी लहानखुरी, कशालाही फिसकन हसणारी. पहिल्याच दिवशी गोलकीपरची नजर तिला हव्या त्या पत्त्यावर खिळलेली.

"काऊन पाहून राहिली तिकडं? पसंतीचा बैल घ्याचा असन तं आधी बाजूच्याचे दात पाहाचे."

"अन् काकाजी, बाजूचाच गळ्यात पडला तं?"

"तं तू दलाल नाही, शेण उचलणारी."

"तिचा बाप बी हेच म्हणते तिले," लहानी म्हणाली आणि हसत सुटली.

दोघींची कुजबुज दारापर्यंत ऐकू यायची. म्हणून मी माझा जुना दुपट्टा काढला आणि त्यांना बोटांची भाषा शिकवली. आणखी एक गोष्ट शिकवली: मालात खोट नसेल तर पहिल्या शब्दावरून उतरायचं नाही. उतरलं की समोरचा समजतो, माल चोरीचा आहे.

गोंदियात पोरींनी एकेक शाळा लोळवली. शेवटच्या सामन्यात समोर एका मोठ्या शाळेची मुलं होती, मागच्या खुर्च्यांवर त्यांचे आईबाप. मध्यंतरात गोलकीपरने भलत्याच पत्त्याची अशी काही हाव दाखवली की मुलांनी पेनल्टी कॉर्नर मारणाऱ्या खेळाडूचा भारी पत्ता स्वतःहून पुढे सरकवला. तेवढ्यात मागची एक बाई उभी राहिली.

"सर, देखिए! कपड़े के नीचे इशारे चल रहे हैं। इन लोगों की तो आदत ही है।"

पंचाने येऊन पोरींच्या हातांवरचा दुपट्टा स्वतः ओढून काढला. सगळा हॉल त्यांच्या बोटांकडे पाहत होता.

"हे चालत नाही असं कुठं लिहिलंय?" मी ओरडलो.

"चालतं असं कुठे लिहिलंय?" पंच म्हणाला.

मी टेबलावर मूठ आपटली. संस्थेच्या दोघांनी मला धरून मागे नेलं. पण रागाने बैल मिळत नाही, हे मला कळतं. थोड्या वेळाने मी पंचाला बाजूला घेतलं. त्याची मागणी अशी: दोघींनी माईकवर यावं, आम्ही फसवलं म्हणून माफी मागावी, मग उरलेला डाव हात टेबलावर ठेवून खेळू देऊ.

मी घासाघीस सुरू केली. आधी माईक काढला. मग 'फसवलं' हा शब्द काढला. मग लहानीला सोडवलं. शेवटी एवढंच उरलं की गोलकीपरने त्याच्याजवळ जाऊन 'चुकलं' म्हणावं. एक शब्द! हातात असलेल्या पत्त्यांवर डाव पोरींचाच होता. उभ्या आयुष्यात मी इतका स्वस्त सौदा केला नव्हता.

"नाही म्हनत मी," ती म्हणाली.

"अगं, फुकटचा शब्द आहे."

"फुकटचा हाय तं तो सर काऊन मांगून राहिला?"

बाईंनी विनवलं. लहानी रडायला लागली, "म्हन न वो, काठ्या भेटतीन." गोलकीपर मागच्या खुर्चीवरच्या, 'आदत' म्हणणाऱ्या त्या बाईकडे पाहत राहिली. पंचाने घड्याळ पाहिलं आणि मुलांचं नाव पुकारलं. स्टिक स्टेजवरच होत्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. एका मुलाने तिथेच एक फिरवून पाहिली, तर त्याच्या शाळेच्या सरांनी त्याला दटावलं.

परतताना गाडीत लहानी गोलकीपरपासून दूर, पुढच्या बाकावर जाऊन बसली. मी मात्र गोलकीपरला सुनावलं.

"तुझ्या अकडीपायी अकरा पोरींच्या काठ्या गेल्या."

दुपट्ट्याची घडी घालून तिने ती माझ्या मांडीवर ठेवली. पत्त्यांचा डबा काही दिवसांनी बाईंनीच माझ्या दुकानात आणून दिला. गावात बोललं जात होतं म्हणे, दुकानदार पोरींना जुगार शिकवतो.

यंदा पेरणीच्या आधी गोलकीपर बापासोबत दुकानात आली. बाप बाहेर बिडी ओढत थांबला. तिने आधी भलत्याच धानाची पिशवी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. पाहिजे ती कोणती हे मी ओळखलं, तरी भाव तिच्याच मनासारखा करावा लागला. पिशवी बांधताना माझ्याच्याने राहवलं नाही.

"तो एक शब्द बोलली असती तं..."

"तुमीच बोलाचं होतं, काकाजी. शिकोलं तं तुमी."

"त्या पंचानं मले मांगितलाच नाही तो शब्द."

"तुमी देऊन पाह्यला काय?"

तिने पिशवी उचलली. तळहाताला चिंधी बांधलेली होती आणि चिंधीवर वाळलेलं रक्त. काठी पुन्हा फुटली असणार.