सत्यभामावहिनींची माकडाची पाकिटं

आमच्या शेजारच्या सत्यभामावहिनींची नात वल्लरी पाच वर्षांची होती. एकदा केशरी गोळी खाऊन तिचं तोंड सुजलं, श्वास अडकला. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाजारातला रंग हिला विषासारखा आहे, रंगीत खाऊ घरात आणू नका. वहिनींनी त्याच दिवशी फळी रिकामी केली. जॅम, सरबताची बाटली, टॉफ्या, सगळं गेलं. पुढे सून अंजनाने काही आणलं की त्या आधी माझ्याकडे येत.

"चिंतामणभाऊ, मांगचं बारीक इंग्रजी वाचा बरं. रंग हाय काय त्यात?"

बहुधा असायचाच.

घर सांभाळलं, पण शाळेचं काय करणार? वल्लरी डब्यातल्या तांदळाच्या चकल्या तशाच परत आणू लागली.

"मुली हसतात आजी. म्हणतात, तेरे घर में पैकेट नहीं आता क्या?"

तेव्हा वहिनींनी युक्ती काढली. दुकानात पिवळ्या पोंग्यांची, म्हणजे कुरकुरीत पोकळ नळ्यांची, पाकिटं मिळत, वर हसणारं माकड. तसली रिकामी पाकिटं त्या आमच्याकडून मागून नेत, धुऊन वाळवत. तांदळाच्या पिठात हळद घालून तळलेल्या नळ्या त्यात भरत आणि मेणबत्तीच्या आचेवर तोंड चिकटवत.

"कंपनीलेही ओळखू नाही येनार, भाऊ!"

"मग परवाना काढा आता," मी म्हणालो.

वल्लरीला त्यांनी पक्कं शिकवलं होतं, "माकडवालं पाकीट माह्या हातचं. ते बिनधास्त खाय. दुसरं कोनी देल्लं तर घेऊ नको."

वर्षभर हे चांगलं चाललं. मग २००२च्या उन्हाळ्यात किरनापूरला नात्यातलं लग्न निघालं. मांडवात कोणीतरी मुलांना पाकिटं वाटली. अंजना धावली, तर पोरीने माकड दाखवलं, "आई, हे आजीचंच आहे." वहिनींनी घरून दोन पाकिटं आणलेलीच होती. अंजना मागे फिरली.

जीपने बालाघाटच्या दवाखान्यात पोचेपर्यंत वल्लरीचे ओठ निळे पडले होते. ती वाचली.

दवाखान्यातून परतल्यावर अंजना एवढंच म्हणाली, "आई, आता तुमच्या हातचं तिला काही देऊ नका."

"हौ," वहिनी म्हणाल्या.

वहिनींच्या मुलाने, पियुषने, रायपूरला बदली मागून घेतली आणि तिघं तिकडे गेली.

दिवाळीला ते आले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. वहिनींनी स्टीलच्या उघड्या डब्यात तशाच नळ्या ठेवल्या होत्या. अंजना आत होती. वहिनींनी हळूच डबा पुढे केला.

"खाय वं बाई. म्याच केल्या."

पोरीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू तेव्हापण हेच म्हणायचीस, आजी."

वहिनींनी झाकण लावलं.

आता त्या माझ्याकडे काही वाचून घ्यायला येत नाहीत. घरात त्या एकट्याच असतात, आणि बाजारचं पाकिटातलं त्यांनी स्वतः कधीच खाल्लं नव्हतं.