डोकं टेकायची जागा

आमच्या सुताराला सगळे ‘रंधा’ म्हणतात. लाकूड असो की भांडण, हा गुळगुळीत करून सोडतो. माळ्यावर धूळ खात पडलेल्या जुन्या लाकडी पेट्या त्याच्याकडे येतात आणि आठवणींच्या पेट्या होऊन परत जातात. मग त्यात कुणी बाळाचं पहिलं अंगडं ठेवतं, कुणी आजोबांचा चष्मा. मी शेजारच्या गाळ्यात कुलपं-बिजागऱ्या करतो, म्हणून हे सगळं मला रोज दिसतं.

त्याची बायको दुपारी दुकानात यायची. बुटक्या स्टुलावर बसून स्वतःच्या पेटीला डोकं टेकायची आणि बडबडत राहायची. हा त्या पेटीत अवजारं ठेवायचा.

“डोकं काढ, तेल लागतंय,” हा म्हणायचा.

“लागू दे,” ती म्हणायची.

वर्षानुवर्षं हाच संवाद. पेटीच्या फळीवर बशीएवढा काळपट डाग पडला होता.

ती गेली तेव्हा हा रडला नाही. चार लोक भेटायला आले, त्यांना यानेच चहा दिला. मग दुकान उघडलं आणि कामाला लागला. माझ्या कुलपांना निदान किल्ल्या असतात, याच्या तोंडाच्या कुलपाला नव्हती. मला त्याचा रागच यायचा. माणूस आहेस की ओंडका, असं विचारावंसं वाटायचं.

त्याची मुलगी मात्र हे बघून घाबरली होती. एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, “बाबा, आईची पेटी मला नीट करून द्या. तिच्या साड्या ठेवीन. फक्त तो डाग राहू द्या. तिचं तेवढंच उरलंय.”

“हं,” तो म्हणाला.

मी तिथेच उभा होतो. त्या ‘हं’मध्ये काहीच नव्हतं.

पेटी कुणाचीही असो, रंध्याचं पहिलं काम तेलाचे डाग काढायचं. तेलावर पॉलिश धरत नाही. डागावर खडूची भुकटी थापायची, तेल शोषलं की झटकायची, मग पॉलिशपेपर. हात इतके सरावलेले की डोकं लागतच नाही. मी बिजागऱ्या घेऊन गेलो तेव्हा फळी नव्यासारखी कोरी झाली होती.

“अरे, डाग?”

“कुठला?” तो म्हणाला. मग हातातल्या पॉलिशपेपरकडे बघत राहिला. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, आता तरी फुटेल. तो उठला आणि भुसा झाडू लागला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. तिने फळीवरून हात फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला.

“मी काढला,” तो म्हणाला. “लक्षातच नाही राहिलं.”

ती ओरडेल, असं मला वाटलं. ओरडायलाच हवं होतं. पण ती आईच्या स्टुलावर मटकन बसली आणि डोकं मागे पेटीला टेकलं.

रंधा बिजागरीचा स्क्रू पिळत होता. वर न बघताच म्हणाला, “डोकं काढ, तेल लागतंय.”

स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातून खाली पडला.

मुलगी उठायला लागली.

“नको,” तो म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. “उठू नकोस. लागू दे.”

आणि तो रडायला लागला.